'मा' या एकाक्षराची कैफियत



सावंतवाडीकडे कोणा परिचिताच्या ओटीवर जाऊन टेकलात, तर पानाचे तबक पुढे सरकवीत तो 'बरो आसंस मा?' अशी पृच्छा करतो. आणि चिनी मनुष्यही, वाक्याच्या शेवटी नेमके हेच अक्षर ठेवून, 'नी हाव मा?' असा तोच प्रश्न करतो. भाषाशास्त्राचा नाद नुकताच जडलेल्या गृहस्थाला एवढा पुरावा पुरेसा होतो, आणि तो लागलीच चिनी गलबते वेंगुर्ल्याच्या बंदराला लावतो. तरुणपणी मीही ती लावली होती, हे येथे कबूल केलेले बरे. पुढे समजले, की चिनी भाषेतला हा प्रश्नार्थक 'मा' एका जुन्या नकारवाचक शब्दापासून झिजत आला, असे जाणत्यांचे मत आहे. लिहिताना मात्र त्याला घोड्याच्या चिन्हाशेजारी तोंडाचे चिन्ह जोडतात, कारण घोडाही तेथे 'मा'च! सूर उंच व सपाट ठेवला तर आई, खालून वर चढविला तर भांगेचे झाड, बुडवून उचलला तर घोडा, आणि वरून एकदम पाडला तर रागे भरणे. आईच्या नावाने हाक मारताना सूर चुकला तर काय प्रसंग ओढवेल, याची कल्पना आपणच करावी.

बरे, आपल्या घरचा 'मा' तरी एकवंशीय आहे काय? आदिकवी वाल्मीकीच्या शोकातून स्फुरलेल्या 'मा निषाद' या श्लोकाचा आरंभ ज्या 'मा'ने होतो, तो निषेधवाचक होय. परंतु ग्रंथारंभी शापवाणी असणे ज्यांना रुचले नाही, अशा टीकाकारांनी तोच 'मा' पुढच्या 'निषादा'ला जोडून, मा म्हणजे लक्ष्मी, तिचे निवासस्थान तो विष्णू, असे मंगलाचरण त्यातून काढले. या निषेधाचा खरा भाऊबंद म्हणजे ग्रीक 'मे', आणि गंमत ही, की कानाला तो चिनी 'मा'इतका जवळचा वाटत नाही. पण 'अर्धे' या अर्थाचा संस्कृत 'सामि' ग्रीकांत 'हेमि' होतो, तेथेही आपल्या आकाराच्या जागी त्यांचा दीर्घ एकारच येतो, म्हणून ही सोयरीक सनदशीर ठरते.

अरबीत 'मा' म्हणजे 'काय', 'जे', आणि 'नाही'सुद्धा. 'मा जरा', म्हणजे 'जे घडले', ते फारशीच्या वाटेने येऊन आपला 'माजरा' झाले. तेव्हा 'हा काय माजरा आहे?' असे दरडावणारा एका दमात 'काय' दोनदा विचारतो, असे म्हणावयास हरकत नाही. खुद्द फारशीत 'मा' म्हणजे आम्ही.

राहता राहिली आई. अंगावर पिणारे मूल तोंड गुंतलेले असता जो नाकातला हुंकार काढते, त्यातून मातृवाचक 'म' उपजतो, असे भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडले. म्हणजे येथे वंशावळ धुंडाळण्याचे कारणच नाही. शब्द पाळण्यापाळण्यात नव्याने जन्मतो, आणि त्याला अर्थ देतात ती भोवतालची मोठी माणसे. आपण 'मामा' आईच्या भावाला देऊन टाकला. काकेशस पर्वताकडच्या जॉर्जियन भाषेत मात्र 'मामा' म्हणजे बाप, आणि आई ती 'देदा'. मध्यरात्री मूल 'मामा, मामा' म्हणून रडू लागले, तर आपल्याकडे फार तर माहेरी निरोप जाईल. तिकडे जॉर्जियाच्या तिबिलिसी शहरातल्या आळीत झोपमोड होते ती बापाची.