कोपीवरचं पाणी

दिवाळी सरली की आपल्या पालम भागातून टोळ्या ऊसतोडीला निघतात. ट्रॉलीत संसार, फडाजवळ कोपी. परभणीत पारा कधी 5 अंशांखाली येतो. ओल्या रानात गारठा आणखी झोंबतो. पहाटे लेकराला न्हाऊ घालायचं कसं?

आम्ही काळं पिंप फळीवर, उन्हात ठेवतो. काळा रंग ऊन ओढतो, फळीमुळे जमिनीचा गारठा लागत नाही. दिवस मावळायच्या आत झाकण लावून भोवती कोरडं पाचट भरलेली पोती बांधतो. पाचटातली हवा ऊब धरते. सकाळी पाणी तापवायला सरपण कमी लागतं. पोतं ओलं झालं तर माठासारखं पाणी गार करतं, लगेच बदला. अन् चूल पोत्यांपासून, कोपीपासून लांबच मांडा. पाचटाला एक ठिणगी पुरते.