आईचें दूध आणि मुलाचा मधुमेह

लातूर जिल्ह्यांतील रेणापूर हें रेणुकामातेचें गांव. पुण्यामुंबईच्या बिऱ्हाडांतून पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं येणाऱ्या लेकी अशा गांवांत दर वर्षीं असावयाच्याच. आणि अशा घरीं बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशीं एक जुना वाद हटकून उभा राहतो. आजी म्हणते, पहिला चीक बाळाला बाधतो. तो पिळून टाकावा व तोंवर मधाचें बोट चाटवावें. शहरांतून आलेली मावशी म्हणते, पोरीचें दूध पुरणार नाहीं; डब्यांतलें दूध आणवा. घराण्यांत मधुमेह असला म्हणजे तिसरा एक प्रश्न सर्वांच्या मनांत असतो, पण कोणी तो बोलून दाखवीत नाहीं. हा रोग या बाळाच्याहि वाट्यास येणार काय, आणि आईच्या दुधानें तो टळेल काय?

मधुमेह एकच नव्हे. लहानपणीं अकस्मात् उद्भवणाऱ्या पहिल्या प्रकारांत शरीराची संरक्षणशक्ति स्वादुपिंडांतील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींवरच उलटते. दुसऱ्या प्रकारांत इन्शुलिन असतें, परंतु शरीर त्यास पुरेशी दाद देत नाहीं. हा दुसरा प्रकार बहुधा प्रौढपणीं दिसूं लागतो व पुष्कळदां घराण्यांतून उतरतो. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणें देशांत सुमारें १० कोटि लोकांस मधुमेह आहे. त्यांतील बहुसंख्य या दुसऱ्या प्रकारचे. म्हणून येथें विचार त्याचाच.

या रोगाचीं बीजें किती लवकर पडतात, हें दाखविण्याचा मोठा मान महाराष्ट्राकडे जातो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रिया व त्यांचीं मुलें यांचा अभ्यास हातीं घेतला. तेथील बालकांचें जन्माचें वजन सरासरीनें २.७ किलोग्रॅम भरलें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बालकांचें ३.५. परंतु पुण्याकडील बालकें नुसतीं लहान नव्हतीं. त्यांचे स्नायु कमी होते, तरी कातडीखालची चरबी त्या मानानें राखलेली होती. दिसावयास किरकोळ, पण आंतून चरबीची ठेवण असलेलें हें मूल पुढें मधुमेहाकडे झुकतें, असें या अभ्यासकांचें म्हणणें आहे.

अशा मुलास आईचें दूध काय देऊं शकतें? अमेरिकेंतील पिमा जमातींत मधुमेहाचें प्रमाण फार मोठें. त्या जमातींतील ७२० व्यक्तींचा अभ्यास १९९७ सालीं प्रसिद्ध झाला. पहिले दोन महिने केवळ आईच्या दुधावर वाढलेल्यांस पुढें हा रोग होण्याचा संभव, केवळ वरच्या दुधावर वाढलेल्यांच्या मानानें, निम्म्याहूनहि कमी आढळला. २०१६ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानें अशा अनेक अभ्यासांचें जें समालोचन छापलें, त्यांत हा संभव सुमारें एकतृतीयांशानें कमी दिसतो.

परंतु या आंकड्यांवर डोळे मिटून विसंबणें योग्य नव्हे. जी माता दीर्घकाळ पाजते, तिचें घर, शिक्षण व आहार हींहि पुष्कळदां निराळीं असतात. मग गुण दुधाचा कीं घराचा? बेलारूस देशांत १९९६-९७ सालीं ३१ प्रसूतिगृहें व १७,००० हून अधिक बालकें घेऊन एक प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें काहीं प्रसूतिगृहें निवडून तेथें स्तनपानास खास उत्तेजन दिलें गेलें. त्या ठिकाणचीं मुलें अधिक काळ अंगावर प्यालीं व त्यांस पहिल्या वर्षीं जुलाबहि कमी झाले. परंतु साडेअकराव्या वर्षीं त्यांच्या स्थूलतेंत वा उपाशीपोटींच्या साखरेंत उणेपणा आढळला नाहीं. मात्र दोन्हीं गटांतील सर्व मुलें आरंभीं आईचें दूध प्यालेलींच होतीं, आणि दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचें वय अद्याप दूर होतें, हेंहि ध्यानांत ठेविलें पाहिजे. तात्पर्य, आईचें दूध हें मधुमेहावरील कवच नव्हे. पारड्यांत पडलेला तो एक चांगला भार आहे.

हा भार कसा पडत असावा? आईच्या १०० मिलिलिटर दुधांत प्रथिनें सुमारें १ ग्रॅम. गाईच्या दुधांत त्याच्या तिप्पट. अधिक प्रथिनांनीं बाळाच्या शरीरांत इन्शुलिन अधिक स्रवतें व चरबीची वाढ बळावते, असें मानतात. शिवाय अंगावर पिणारें मूल पोट भरलें कीं तोंड बाजूस करतें. बाटली मात्र संपेपर्यंत पाजण्याचा मोह वडील माणसांस आवरत नाहीं. भूक ओळखण्याची संवय अशी पहिल्या दिवसापासून लागते.

लाभ केवळ मुलाचाच नव्हे. अमेरिकेंत ३० वर्षें चाललेल्या व २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, सर्व बाळंतपणें मिळून सहा महिने वा अधिक काळ पाजलेल्या मातांना मधुमेह होण्याचें प्रमाण, मुळींच न पाजलेल्यांच्या जवळजवळ निम्में आढळलें. ज्या स्त्रीस गर्भारपणीं मधुमेह झाला, तिला तर याचें महत्त्व विशेष. तिच्या बाळाची साखर जन्मानंतर एकाएकीं उतरण्याचा धोका असतो. म्हणून पहिल्या तासाच्या आंत त्यास अंगावर घ्यावें व साखर तपासून घ्यावी. आजी जो चीक टाकावयास सांगते, तोच या वेळीं सर्वांत मोलाचा. तरीहि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत तासाभरांत आईचें दूध मिळालेलीं मुलें देशांत शेंकडा ४२ हि भरलीं नाहींत.

पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणी, घुटी वा मध कांहींहि देऊं नये. वैद्यानें सांगितलेलें औषध तेवढें अपवाद. सहा महिन्यांनंतर वरणभात, नाचणीची वा ज्वारीची पेज सुरू करावी आणि अंगावर पाजणें दोन वर्षें व पुढेंहि चालू ठेवावें. दूध पुरतें कीं नाहीं, हें मुलाच्या रडण्यावरून ठरवूं नये. पहिल्या आठवड्यानंतर दिवसांतून सहा वेळां वा अधिक लघवी आणि वजनाची नियमित वाढ, ही खरी खूण.

कांहीं मातांना प्रयत्न करूनहि पाजतां येत नाहीं. त्यांस दोष देऊं नये. अशा बालकांची सोय काय, हा विचार महाराष्ट्रानें पूर्वींच केला आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं मातृदुग्धपेढी उघडली. ती आशियांतील पहिली. मुदतीपूर्वीं जन्मलेल्या वा अशक्त बालकांस दुसऱ्या मातांचें निर्जंतुक केलेलें दूध तेथें मिळूं लागलें.

रेणापूरच्या घरांतील तो वाद मिटवावयाचा तर आजीचा मान राखूनच मिटवावा. डिंकमेथीचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतिणीची विश्रांति हीं तिच्याच हातचीं, आणि त्यांवांचून आईस बळ येणार नाहीं. तिनें फक्त चिकाचा गैरसमज सोडावा, मावशीनें डब्याची घाई सोडावी, आणि बाळाच्या बापानें रात्रीं उठून बाळ आईच्या कुशींत द्यावें. घराण्याचा रोग टाळण्याचें काम कोणा एका बाईच्या दुधावर टाकून चालत नाहीं. पुढें त्याच मुलानें खेळावें, चालावें व बेतानें जेवावें, हें पाहणें साऱ्या घराचें काम आहे.