५१ तासांनंतर
(उत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी वक्ता नाही. तंत्रनिकेतनातून डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला रुळांचा माणूस. गार्डनरीचचे बरेच सहकारी समोर बसले आहेत, त्यांना माझी भाषा ठाऊक आहे: गेज, लेव्हल आणि खडी. दरवर्षी माझ्याकडे मंडपातली वीज आणि महाप्रसादाची टेबले एवढेच काम असते. यंदा मीच समितीकडून पंधरा मिनिटे मागून घेतली, कारण मला एक कबुली द्यायची आहे.

२०२३ च्या उत्सवात, दुसऱ्या दिवशी भजनाआधी, मी अचानक उठून घरी गेलो. अ‍ॅसिडिटी झाली असे सांगितले. शेजारच्या वहिनींनी काळजीने ताक पाठवले. वहिनी, अ‍ॅसिडिटी वगैरे काही नव्हती. पोरांनी बैठकीसाठी पांढऱ्या चादरी झटकून अंथरायला घेतल्या आणि मला तिथे उभे राहवेना.

त्याआधी साडेतीन महिने, २ जूनच्या संध्याकाळी, बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्स्प्रेस लूप लाइनवरच्या मालगाडीवर आदळली, आणि घसरलेल्या डब्यांशी यशवंतपूर-हावडा गाडीची धडक झाली. २९० हून अधिक माणसे गेली. ती लाइन आपल्याच खडगपूर विभागातली. मी गँग घेऊन दुसऱ्या दिवशी पोहोचलो.

माणसे बाहेर काढण्याचे काम आमचे नव्हते. पहिल्या अंधारात ते गावकऱ्यांनी केले, मग राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या नऊ तुकड्या आल्या. आमचे काम म्हणजे डबे हटले की रूळ टाकणे. ४ जूनच्या रात्री, अपघातानंतर ५१ तासांनी, त्या रुळांवरून पहिली मालगाडी गेली. हा ५१ चा आकडा सगळीकडे छापून आला. मला त्याचा आजही अभिमान आहे. पण खडी ओढताना फावड्याला काय काय लागत होते, ते बाप्पासमोर सांगवत नाही. जवळच्या शाळेत प्रेते ठेवली होती. पाणी प्यायला गेलो तेव्हा दारातून पांढऱ्या कापडांच्या ओळी दिसल्या, तेवढ्याच.

परत आल्यावर मी जॅक मोजले, दोर मोजले, पहारी मोजल्या. माणसांना काही विचारले नाही.

माझ्या गँगमधला एक जुना ट्रॅकमन. इतक्या वर्षांत विनाकारण खाडा नाही. जुलैपासून सकाळच्या ड्यूटीला येईना, आला तर तोंडाला वास. मी त्याला सगळ्यांदेखत झापले, खाडे मांडले. तो इतकेच म्हणाला, "साहेब, खडीत फावडं घातलं की हात थांबतो." मी म्हटले, बहाणे नकोत. आणि सप्टेंबरात मला स्वतःला चादर बघवेना!

त्याच जूनच्या पहिल्या आठवड्यात दलाचे तेव्हाचे महासंचालक अतुल करवाल यांनी दिल्लीत जाहीरपणे सांगितले होते, की बहानग्याहून आलेल्या एका जवानाला पाणी पाहिले की रक्त दिसते, दुसऱ्याची अन्नावरची वासनाच गेली आहे, आणि जवानांसाठी समुपदेशन चालू केले आहे. वर्दीतल्या माणसांविषयी त्यांच्याच प्रमुखाने असे उघड बोलावे, ही मला मोठी गोष्ट वाटते. मी मात्र तेव्हा बातमी वाचून 'बिचारे' म्हटले आणि पान उलटले. शाळेचेही तसेच. मुले भीतीने यायला तयार होईनात, तेव्हा आठवडाभरात ती इमारत पाडायला घेतली. बरोबरच केले. पोरांची भीती सगळ्यांना कळली, मलाही कळली. माझ्या ट्रॅकमनची नाही कळली.

खरे तर मला हे लहानपणापासून माहीत असायला हवे होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. विसर्जन करून दमलेली माणसे दगडमातीच्या घरांत झोपली होती. आमचे काका होमगार्डमध्ये, ते मदतीला गेले. त्यानंतर ते कधी छताखाली झोपले नाहीत. थंडीतही खाट अंगणात. घरात सगळे म्हणायचे, "त्यांना उकडतं." आम्ही पोरे हसायचो.

त्या हिवाळ्यात सौभाग्यवतीने मला जवळजवळ ओढतच डॉक्टरकडे नेले. त्यांनी सांगितले ते असे. अशा प्रसंगानंतर काही आठवडे झोप न लागणे, दचकणे हे शरीराचे नैसर्गिक वागणे आहे, बहुतेकांचे ते आपोआप निवळते. महिना उलटूनही तसेच राहिले, किंवा बाटली जवळची वाटू लागली, तर मात्र उपचार हवेत, आणि ते आहेत. दुसरे, कुणाला बसवून "काय काय पाहिलंस, सगळं सांग" असे खोदून विचारू नये. मला हे नवीन होते. बोलून टाकले की मोकळे होते अशी आपली समजूत. पण जागतिक आरोग्य संघटनाही तसे बोलायला लावण्याच्या विरुद्ध आहे. २०११ च्या तिच्या पुस्तिकेत मानसिक प्रथमोपचाराच्या तीनच गोष्टी आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. म्हणजे त्याला काय हवे ते बघा, बोलला तर ऐका, आणि घरच्यांशी किंवा डॉक्टरशी गाठ घालून द्या. जेवण, झोप आणि पाळी बदलणे हेही त्यातच आले. आठ दिवसांनी पुन्हा चौकशी करायला मात्र विसरू नका, मी ती एकदाही केली नव्हती.

त्या ट्रॅकमनच्या घरी जाऊन मी माफी मागितली. त्यालाही डॉक्टरकडे नेले. आज तो कामावर आहे, दारू पूर्ण सुटलेली नाही. मांडलेले खाडे काही मला पुसता आले नाहीत.

समोर पोलीस आहेत, रुग्णालयात काम करणाऱ्या भगिनी आहेत, गोदीतले लोक आहेत. सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, रात्रीही फोन उचलतात. चपला काढतो तिथल्या फळ्यावर मी तो मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे. स्वतःसाठी नको वाटले तर शेजाऱ्यासाठी लिहून घ्या.

आणि आज सकाळी बैठकीच्या चादरी अंथरायचे काम मी मागून घेतले होते. दोन अंथरल्या. तिसरी माझ्या मुलाने अंथरली.

पंगतीची वेळ झाली आहे.