तारेवरचा आकडा आणि कागदावरचा आकडा
(संघाच्या वार्षिक संमेलनात, मंडईजवळील सभागृहात दिलेले भाषण)



मी बोलावयास उभा राहावे आणि दिवे जावेत, असा प्रसंग अद्याप तरी आलेला नाही, याबद्दल प्रथम ईश्वराचे आभार मानतो. (हशा.) वीज आणि लाचलुचपत यांवर बोलावे, अशी चिटणिसांची आज्ञा आहे. संताप व्यक्त करण्यास हा विषय फार सोयीचा. परंतु संताप आपणा सर्वांपाशी आहेच. मी थोडे हिशेबाचे बोलणार आहे.

आपण ज्या मंडईच्या शेजारी जमलो आहो, तेथे काटा नसलेल्या गाळ्यापुढे गिऱ्हाईक उभे राहत नाही. परंतु ज्या मळ्यांतून हा माल येतो, तेथील पंपांच्या विजेला मात्र वर्षानुवर्षे मापच नव्हते. 1960 साली राज्य वीज मंडळ स्थापन झाले. पुढे शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी सुरू झाली. मीटर वाचण्याचा खर्च वाचला, शेतकऱ्याचीही कटकट गेली. हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. पण माप गेले आणि एक चोरवाट उघडी झाली.

ती कशी, हे सांगतो. मंडळाजवळ जेवढी वीज येई, तीतून मीटरवर मोजलेली वीज वजा केली की जी उरे, तिचे दोन वाटे करावयाचे: शेतीने किती वापरली, आणि वाटेत किती गळाली किंवा चोरीस गेली. पहिला वाटा अंदाजाचा. तो जितका फुगवावा, तितका दुसरा आपोआप लहान दिसे. आपल्या भाषेत आकडा या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक आकडा रात्री तारेवर टाकतात, दुसरा दिवसा कागदावर मांडतात. आणि पहिल्यास झाकण्याचे काम दुसरा करी. कारखान्यातील मीटरमध्ये केलेली कारागिरी आणि तिकडे डोळेझाक करणाऱ्याचा हप्ता, हे सारे शेतकऱ्याच्या नावे खतावले जाई. म्हणजे आपल्याच भाऊबंदांच्या नावे! शहरात 'शेतकऱ्याला वीज फुकट, म्हणून आम्हांला अंधार' असे बोलले जाई, तेव्हा आपणही माना डोलावीत होतो.

1999 साली राज्य वीज नियामक आयोग आला आणि दरवाढीच्या अर्जावर जाहीर सुनावण्या होऊ लागल्या. आपल्या पुण्यातील 'प्रयास' या संस्थेने व ग्राहकांच्या संघटनांनी तेथे एकच धोशा लावला: शेतीचा आकडा कशावरून? तेव्हा पूर्वी पंधरा-सतरा टक्के म्हणून सांगितली जाणारी गळती प्रत्यक्षात तीस टक्क्यांच्याही वर असल्याचे उघड झाले. ना मोर्चा, ना दगडफेक. कागद मागितले, एवढेच.

दाभोळची कथा आपणांस ठाऊक आहे. 1993 साली एन्रॉनच्या कंपनीशी करार, 1995 साली रद्द, पुढे फेरवाटाघाटी, 1999 साली 740 मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू आणि 2001 साली तो बंदही. कोणी लाच घेतली, हे न्यायालयात सिद्ध झाले नाही. परंतु भारतातील लोकांच्या 'शिक्षणा'वर व प्रकल्पाच्या जुळवाजुळवीवर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाल्याचे कंपनीच्याच अधिकारी बाईंनी 1995 साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले होते. एवढे महागडे शिक्षण कोणी घेतले, कोण जाणे.

पुढे भारनियमनाची ती वर्षे आली. 2006 साली पुण्यातील कारखान्यांनी आपली स्वतःची जनित्रे चालवावी, त्यांची वाचलेली वीज शहरास मिळावी आणि जादा खर्च मोठ्या ग्राहकांनी सोसावा, अशी योजना झाली. शहर उजळले; 'पुणे पॅटर्न' म्हणून तिचे कौतुकही झाले, आणि ते अस्थानी नव्हते. परंतु मंडईला भाजी पुरविणारी खेडी त्याच काळात बारा बारा तास अंधारात होती. जेथे गळती अधिक, तेथे भारनियमन अधिक, असा नियम होता. नियम तर्कशुद्ध खरा. पण बिल वेळेवर भरणारा मनुष्य आकडेवाल्याच्या शेजारी त्याच अंधारात बसे.

आता एक घरची गोष्ट. पुरंदरकडे माझ्या चुलत्यांच्या वस्तीवरील रोहित्र जळाले. फ्लॉवर ऐन भरात होता. दोन दिवस गेले, चार गेले. 'वरचा खर्च' म्हणून दर पंपामागे वर्गणी ठरली. 2003 च्या वीज कायद्याखाली आयोगाने 2005 साली केलेल्या नियमांत खेड्यातील जळके रोहित्र 48 तासांत बदलावे, विलंबाच्या प्रत्येक तासास ग्राहकाने मागितल्यास 50 रुपये भरपाई द्यावी, असे होते. मला हे ठाऊक होते. तरीही चुलत्यांचा वाटा मीच धाडला, कारण अर्जाच्या उत्तरापर्यंत फ्लॉवर थांबत नाही. पावती कोणी मागितली नाही, मीही नाही. रोहित्र दुसऱ्या दिवशी आले.

या व्यासपीठामागे जोतीरावांची तसबीर आहे. ज्या मंडईला आपण अभिमानाने त्यांचे नाव सांगतो, तिच्या इमारतीवर एवढा पैसा घालण्यास त्यांचा विरोध होता. 1880 साली लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी नगरपालिकेने हजार रुपये खर्चावयाचे ठरविले, तेव्हा ती रक्कम गरिबांच्या शिक्षणास लावा म्हणून विरुद्ध मत देणारे ते एकटेच होते. आपल्या ज्ञातीचे म्हणून आपण त्यांना हार घालतो. वर्गणी पाठविताना मला त्या मताची आठवण झाली नाही. ती आठ दिवसांनी झाली.

माझी सूचना लहान आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी संघाच्या कार्यालयात मी व आणखी दोघे बसू. बिल, तक्रारीचा क्रमांक आणि वीज गेल्याची वेळ लिहिलेला कागद घेऊन या; भरपाईचा व गाऱ्हाण्याचा अर्ज आम्ही लिहून देऊ. पहिला अर्ज माझ्या चुलत्यांचा आहे. त्यांनी वर्गणीची गोष्टही त्यात लिहावयास लावली आहे.

आणखी एक सांगून बसतो. गेल्या संमेलनातील रोषणाईची तार कोठून घेतली होती, असे मी चिटणिसांना परवा विचारले. त्यांनी उत्तर देण्यास थोडा वेळ घेतला. यंदा तात्पुरत्या जोडणीची पावती त्यांनी स्वतः आणून दाखविली. स्मरणिकेतील जमाखर्चात, मंडपाच्या भाड्याखालच्या ओळीत, ती रक्कम आपणांस दिसेल.