पिवळ्या छपराची बोट

आमच्या भाईंदरच्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस चहा यायच्या आत एक प्रश्न हमखास विचारतो. ‘बोट छान आहे हो, पण वर अशी पिवळीजर्द का?’ टीव्हीशेजारी काचेच्या पेटीत ती ठेवली आहे. अंगाला करडा रंग, पुढे एक तोफ, मागे एक तोफ, आणि मधल्या केबिनचं छप्पर मात्र पिवळं. लढाऊ बोट दिसू नये म्हणून तर करडी रंगवतात, मग डोक्यावर हे काय? मला आज त्या पिवळ्या रंगाबद्दलच बोलायचं आहे. पण तिथवर पोचायला मला अडीच वर्षं लागली, तेव्हा तुम्हालाही थोडा धीर धरावा लागेल.

मी एका गोदीत चौतीस वर्षं मोल्ड लॉफ्टमध्ये नोकरी केली. मोल्ड लॉफ्ट म्हणजे मध्ये एकही खांब नसलेलं लांबलचक दालन. कागदावरच्या जहाजाच्या रेषा तिथल्या जमिनीवर पुऱ्या मापात आखायच्या, त्यांवरून लाकडी फर्मे करायचे आणि पत्रा कापणाऱ्यांच्या हाती द्यायचे. गुडघ्यावर बसून बसून माझे गुडघे गेले ते तिथेच. जन्मभर लहानाचं मोठं केलं, आणि निवृत्त झाल्यावर मोठ्याचं लहान करायला बसलो.

जहाजांच्या प्रतिकृतींचे तयार संच बाजारात मिळतात. प्लास्टिकचे भाग सुटे करायचे, चिकटवायचे, रंगवायचे. त्यातही कौशल्य आहे, नाही असं नाही. पण मला जी बोट करायची होती तिचा संच मला कुठे मिळाला नाही. म्हणजे खिळ्यापासून सगळं आपणच करणं आलं. त्या बोटीचं नाव ‘पलाश’. पलाश म्हणजे आपला पळस.

१९७१ चं युद्ध आणि नौदल म्हटलं की आपल्याला ४ डिसेंबरच्या रात्रीचा कराचीवरचा हल्ला आठवतो, नाहीतर ९ डिसेंबरला दीवजवळ बुडालेली ‘खुकरी’ आठवते. पूर्वेकडच्या नद्यांत काय घडलं ते फारसं कानावर नसतं. माझ्याही नव्हतं. २०१९ साली कॅप्टन मोहन नारायणराव सामंत आणि संदीप उन्नीथन यांचं ‘ऑपरेशन एक्स’ हे इंग्रजी पुस्तक निघालं, ते जावयाने आणून दिलं, आणि मी दोन रात्रींत वाचून काढलं. सामंत त्याच वर्षी गेले.

हे सामंत पाणबुडीवाले, ‘करंज’ पाणबुडीचे पहिले कमांडर. १९७१ मध्ये त्यांच्याकडे एक वेगळंच काम आलं, मुक्तिवाहिनीच्या पोरांना पाण्यातलं युद्ध शिकवण्याचं. प्लासीजवळ नदीकाठी छावणी होती. फ्रान्समधल्या तुलाँ बंदरातून पाकिस्तानच्या ‘मँग्रो’ पाणबुडीवरचे काही बंगाली खलाशी पळून भारतात पोचले होते, तेही तिथे होते. बाकीची बहुतेक शेतकऱ्यांची आणि विद्यार्थ्यांची मुलं. छातीला गमछाने सुरुंग बांधून रात्री पोहत जायचं, सुरुंग जहाजाच्या तळाला चिकटवायचा आणि परत फिरायचं. १५ ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंज अशा चार बंदरांत एकदम हे घडलं.

पुढे पोहणाऱ्यांच्या जोडीला बोटी हव्यात असं ठरलं. कोलकाता पोर्ट ट्रस्टच्या दोन बोटी घेतल्या, गार्डन रीचला नेल्या आणि त्यांवर तोफा बसवल्या. एक ‘पद्मा’, दुसरी ‘पलाश’. त्यांच्याबरोबर आपल्या नौदलाची छोटी गस्ती बोट ‘पनवेल’. होय, आपल्याच पनवेलचं नाव. तिचे कमांडर नोरोन्हा, आणि साऱ्या ताफ्याचे प्रमुख सामंत. या दोघांनाही पुढे महावीर चक्र मिळालं.

बंदरात पडेल ते काम करणारी बोट रातोरात लढाईला उभी राहिली, याचंच मला अप्रूप वाटलं. विनाशिका कुणीही करील. मला ही हमालाच्या हातात तलवार दिलेली बोट करायची होती.

२०२१ च्या पावसाळ्यात सुरुवात केली. माप धरलं पन्नासास एक, म्हणजे खरे पन्नास सेंटिमीटर ते माझे एक. पण ‘पलाश’चे आराखडे हाताशी नव्हते. होतं एक छापील, धूसर चित्र आणि वर्णनं. इथे तोफ उपयोगी पडली. तोफ बोफोर्सची, ४० मिलिमीटरची. बोफोर्स म्हटलं की आपल्याकडे लोकांना १९८६ चा सौदा आणि नंतरची बोंबाबोंब आठवते. ती तोफ वेगळी, १५५ मिलिमीटरची आणि जमिनीवरची. ही तिची थोरली बहीण, १९३० च्या दशकात स्वीडनमध्ये घडलेली आणि दुसऱ्या महायुद्धात दोन्ही बाजूंनी वापरलेली. तिची मापं पुस्तकांत मिलिमीटरपर्यंत सापडतात. नळी सव्वादोन मीटर. चित्रातली तोफ किती लांब दिसते ते मोजलं, आणि तीच फूटपट्टी करून बाकीच्या बोटीचं माप काढलं. लॉफ्टमधली जुनी सवय कामाला आली.

लाकूड उत्तनच्या एका होडी बांधणाऱ्या मेस्त्रींनी दिलं. शिवणीच्या फळ्या. हलकं लाकूड, पटाशीला मऊ. ‘ओलं आहे, दोन महिने सावलीत राहू द्या,’ असं त्यांनी बजावलं होतं. मी तीन आठवड्यांत कापायला घेतलं आणि गणपतीपर्यंत पहिला सांगाडा वाकला. तो टाकून दिला. दुसऱ्या वेळी मुकाट्याने थांबलो.

एकावर एक थर चिकटवून, आधी रंध्याने आणि मग कानशीने आकार आणायचा असतो. खरं कठीण असतं ते पाण्याजवळचं वळण. त्यासाठी मी भाईंदरच्या खाडीवर जाऊन बसायचो. भरती-ओहोटीच्या गढूळ पाण्यात बोट कशी बसते, नांगरावर कशी फिरते, चिखलाची रेघ अंगावर कुठवर चढते हे घरात बसून कळत नाही. समोर तिवरांचं रान, मागून विरार गाडीचा धडधडाट. तिथे बसून सुंदरबनातल्या खाड्या डोळ्यांसमोर आणणं फारसं अवघड नाही. झाडंही एकाच गोतावळ्यातली.

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत. तिथल्या कातरणी मला फुकट मिळाल्या, आणि मी हावरटासारख्या दोन पिशव्या भरून आणल्या. पण स्टेनलेस स्टीलला साधं डाग द्यायचं कथील धरत नाही. आठवडाभर बोटं भाजून घेतल्यावर बिस्किटांच्या डब्याच्या पत्र्यावर आलो. गोल खिडक्यांना मोच्याकडची बुटाच्या नाडीची पितळी भोकं, कठड्याला टाचण्या, दोरांना पंखा दुरुस्त करणाऱ्याकडची तांब्याची तार. तोफेच्या नळीला अठरा नंबरची इंजेक्शनची सुई. नळीचं तोंड ४० मिलिमीटरचं, पन्नासाने भागलं की ०.८. सुई आतून जवळजवळ तेवढीच असते. आमच्या डॉक्टरांच्या कंपाउंडरने चार कोऱ्या सुया दिल्या, आणि ‘काका, साखर वाढली का?’ म्हणून काळजीने विचारलंही. नळीच्या मागच्या बाजूवर स्प्रिंग असते, तोफ धक्का खाते तेव्हा ती दबते. तिच्यासाठी बारीक तार शिवणाच्या सुईवर गुंडाळली. पहिल्या तोफेला एकोणीस दिवस, दुसरीला सहा.

मग इंजिनरूम. इथे घरात जरा वाद झाला. मी कागदी पुठ्ठा आणि पत्रा घेऊन इंजिन, पाइप, शिडी असं करत होतो. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘अहो, यावर डेक येणार ना? मग हे दिसणार कुणाला?’ प्रश्न बरोबर होता. मी ‘बघू’ म्हटलं आणि करत राहिलो. कारण पुस्तक वाचल्यापासून त्या इंजिनरूममधला एक माणूस डोक्यातून जात नव्हता.

त्यांचं नाव मोहम्मद रुहुल अमीन, जन्म नोआखाली जिल्ह्यातला. पाकिस्तानी नौदल सोडून आलेले, हुद्दा इंजिनरूम आर्टिफिसर, म्हणजे इंजिनं चालती ठेवणारा कारागीर. आमच्या गोदीत अशी माणसं मी रोज पाहत होतो. हातांना कायम तेल आणि बोलणं कमी.

१० डिसेंबर १९७१. सकाळी ताफ्याने मोंगला गाठलं आणि तो नदीने वर खुलन्याकडे निघाला. तिथे पाकिस्तानी नौदलाचा तळ होता. पुढे ‘पनवेल’, मध्ये ‘पलाश’, मागे ‘पद्मा’. विमानांना ओळख पटावी म्हणून बोटींचे वरचे भाग पिवळे रंगवले होते. वरून पाहणाऱ्या वैमानिकाला कळावं की या आपल्या आहेत.

दुपारच्या सुमारास खुलना शिपयार्डजवळ आकाशात विमानं दिसली. मागच्या बोटींनी तोफा चालवायची परवानगी मागितली. विमानं भारतीय आहेत, गोळीबार करू नका, असं उत्तर आलं. विमानं खरोखरच भारतीय होती. ती वळली, खाली आली, आणि त्यांनी आधी ‘पद्मा’वर आणि मग ‘पलाश’वर मारा केला.

‘पलाश’ सोडून द्यायचा हुकूम झाला. बांगलादेशात सांगतात ते असं, की रुहुल अमीन बोट सोडायला तयार झाले नाहीत, खाली इंजिनांकडे गेले. इंजिनरूम पेटली. जबर जखमी होऊन त्यांनी शेवटी पाण्यात उडी घेतली आणि ते काठाला लागले. काठावर रझाकार होते. त्यांनी त्यांना ठार केलं. रूपसा नदीच्या तीरावर त्यांची कबर आहे. ‘बीरश्रेष्ठ’ हा बांगलादेशाचा सर्वोच्च किताब ज्या सात जणांना मिळाला, त्यांतले ते एक. ‘पनवेल’ वाचली होती. तिने माऱ्याखालीच पाण्यातल्या अनेकांना वर घेतलं.

सगळी बोट तयार झाली आणि छप्पर तेवढं राहिलं. रंग आणलेला होता. आमच्या गल्लीतल्या रिक्षा रंगवणाऱ्याकडून छोटा डबा भरून घेतला होता, रिक्षाचाच पिवळा. पण ब्रश उचलवेना. दोन महिने बोट तशीच करडी राहिली. आलेगेलेले म्हणत, झाली की पुरी! आणि खरं सांगतो, करडीच जास्त चांगली दिसत होती. वाटायचं, ज्या रंगाने काही वाचलं नाही तो कशाला द्यायचा?

मग एका रविवारी दिला. वाळल्यावर नात म्हणाली, ‘आजोबा, विमानवाल्या काकांना हे पिवळं दिसलं नाही?’

मला उत्तर येईना, म्हणून हिशेब केला. ताशी सातशे किलोमीटरने येणारं विमान एका सेकंदात एकशे नव्वद मीटरच्या वर जातं. म्हणजे एक किलोमीटर अंतर पाच सेकंदांत संपतं. आमची इमारत सात मजली, गच्ची जमिनीपासून वीस-बावीस मीटर. पन्नासाने गुणलं की झालं हजार-अकराशे मीटर. बोट खाली आवारात ठेवली, नातीला घेऊन गच्चीवर गेलो, डोळे मिटायला सांगितले, उघड म्हटलं आणि पाच आकडे मोजले. ‘दिसलं! पिवळं दिसलं!’ ती ओरडली. मलाही दिसलं, लख्ख दिसलं. मला वाटलं होतं दिसणार नाही, आणि मग सोपं झालं असतं.

शेजारचा एक मुलगा तिथेच पतंग उडवत होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्यालाही तसंच पाच आकडे बघायला लावलं. विचारलं, ‘काय आहे खाली?’ तो म्हणाला, ‘खेळण्यातली रिक्षा.’

नात हसून हसून लोळली. मी खाली येऊन बोट उचलली.

डेक बसवला तेव्हा इंजिनरूमचं झाकण चिकटवायचं होतं. डिंकाची बाटली उघडलीसुद्धा होती, पण चिकटवलं नाही. आता पाहुणे आले की छपराची गोष्ट मी सांगतो. झाकण मात्र सौभाग्यवती उघडतात, केसातला आकडा काढून, हलक्या हाताने, आणि म्हणतात, ‘जरा वाकून बघा, खाली शिडीसुद्धा आहे.’