जाळ्याची नाडीपरीक्षा

इंटरनेट मंद झालें कीं घरोघरीं एकच उपाय होतो: यंत्र बंद करावयाचें आणि पुन्हां चालू करावयाचें. कित्येकदां तो लागूहि पडतो. परंतु वैद्यानें नाडी न पाहतां मात्रा चाटवावी, त्यांतलाच हा प्रकार. गुण आला तरी रोग कोणता होता हें कळत नाहीं, आणि तो उलटला म्हणजे आपण होतों तेथेंच. संगणकांचीं जाळीं दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांचा क्रम निराळा असतो. आधीं पाहणें, मग मोजणें, आणि सर्वांत शेवटीं हात लावणें. या क्रमाचें महत्त्व पटावें म्हणून आज मी आपणांस १९८६ सालची एक हकीकत सांगणार आहें.

तत्पूर्वीं, जाळ्यांतून मजकूर जातो कसा हें थोडक्यांत पाहूं. आपण पाठविलेलें पत्र किंवा चित्र सलग जात नाहीं. त्याचे लहान लहान तुकडे पाडून, प्रत्येक तुकडा जणूं निराळ्या पाकिटांत घालून, वर पत्ता लिहून रवाना केला जातो. वाटेंत राउटर नांवाचीं यंत्रें नाक्यावरच्या टपालकचेऱ्यांसारखीं बसलेलीं असतात. पाकीट आलें कीं पत्ता पाहून तें पुढच्या नाक्याकडे धाडावयाचें, एवढेंच त्यांचें काम. गर्दी झाली तर पाकिटें रांगेंत थांबतात. रांगेलाहि जागा उरली नाहीं तर नवीं येणारीं पाकिटें टाकून दिलीं जातात. पाकीट मिळालें म्हणजे पलीकडचा संगणक पोंच पाठवितो. पोंच वेळेवर आली नाहीं तर पाठविणारा तेंच पाकीट पुन्हां धाडतो. व्यवस्था चोख दिसते. पण घात होता तो हिच्यांतच.

अमेरिकेंत बर्कली येथें लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ यांमधील अंतर अवघें ४०० यार्डांचें. १९८६ च्या ऑक्टोबरांत या दोहोंमधील जाळ्याचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. म्हणजे आठशेंवा हिस्सा! सेकंदाला जेमतेम पांच इंग्रजी अक्षरें. एखादें चार पानी पत्र शिपायाच्या हातीं दिलें असतें, तर तें पायीं जाऊन आधीं पोंचलें असतें.

तारा शाबूत होत्या, यंत्रें चालू होतीं. मग बिघाड कोठें? प्रयोगशाळेंतील व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठांतील मायकेल कॅरेल्स यांनीं पाकिटांच्या नोंदी तपासल्या: कोणतें पाकीट केव्हां निघालें, त्याची पोंच केव्हां आली, कोणतें दुसऱ्यांदा गेलें. १९८८ सालीं प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या निबंधांतील एका नोंदींत, उपलब्ध वेगापैकीं फक्त ३५ टक्के भाग कामीं आलेला दिसतो. बाकीचा सारा दुबार पाकिटांनीं खाल्ला होता.

उलगडा असा झाला. गर्दीमुळें पोंच यावयास उशीर लागला कीं, पाकीट हरवलें असें समजून प्रत्येक संगणक दुसरें पाठवी. त्यानें गर्दी वाढे, पोंच आणखी लांबे, आणि तिसरें पाकीट निघे. कोणीहि नियम मोडीत नव्हता. प्रत्येकजण आपलें काम तत्परतेनें करीत होता, आणि त्या तत्परतेनेंच सर्वांची वाट अडली होती. जॉन नेगल यांनीं १९८४ सालींच या धोक्याची सूचना देऊन ठेविली होती.

उपाय निघाला तो संयमाचा. प्रथम एकच पाकीट पाठवावें; पोंच आली तर दोन, मग चार, असें वाढवीत जावें. पाकीट हरवलें तर रस्ता भरला आहे असें समजून हात आंखडता घ्यावा, आणि मग जपून, थोडें थोडें वाढवावें. पोंचेची वाट किती पाहावी, हें पूर्वीच्या पोंचा किती मागेंपुढें होत होत्या त्यावरून ठरवावें. नवी तार न टाकतां रस्ता मोकळा करण्याची ही युक्ति होती. आजच्या इंटरनेटच्या व्यवहारांतहि हीं तत्त्वें कायम आहेत.

तंत्रज्ञांचीं नेहमींचीं साधनेंहि बहुतेक त्याच काळांतलीं. माइक मूस यांनीं डिसेंबर १९८३ मध्यें 'पिंग' तयार केलें. तें लहानसें पाकीट पाठवून उत्तर येण्यास किती वेळ लागला तें सांगतें. जेकबसन यांचें 'ट्रेसराउट' वाटेंतील नाके एकामागून एक दाखवितें. मात्र कांहीं राउटर अशा प्रश्नाला उत्तरच देत नाहींत. तेव्हां मौन म्हणजे बिघाड असें मानूं नये. १९९८ सालीं निघालेलें व 'वायरशार्क' या नांवानें आज प्रसिद्ध असलेलें साधन पाकिटन् पाकीट उलगडून दाखवितें.

हा धडा घरींहि उपयोगी आहे. प्रथम आपल्याच घरांतील राउटरला पिंग करावें. तेथूनच उत्तर रेंगाळत आलें तर दोष बहुधा घरांत आहे: मधली जाड भिंत, लांबचें अंतर, शेजारच्या लहरींची गर्दी. तेथवर सारें ठीक असून पुढें उशीर होत असेल, तरच कंपनीकडे तक्रार करावी, आणि तीहि आंकड्यांसह. कोणी मोठी फीत वर चढवूं लागला कीं इतरांचें बोलणें तुटत असेल, तर राउटरांतील रांग फाजील लांब आहे असा संशय घ्यावा. अशा रांगेंत पाकिटें टाकलीं जात नाहींत, तुंबून राहतात. म्हणून पाठविणाऱ्याला गर्दीची वर्दीच मिळत नाहीं. यावर कॅथलीन निकोल्स आणि तेच जेकबसन यांनीं २०१२ सालीं उपाय सुचविला: पाकीट रांगेंत किती वेळ अडकलें तें मोजावें, आणि तो वेळ मर्यादेबाहेर टिकून राहिला तर एखादें पाकीट मुद्दाम टाकून वेळींच इशारा द्यावा.

तेव्हां, श्रोतेहो, पुढच्या खेपेस घरचें इंटरनेट अडलें म्हणजे बटणाकडे हात जाण्यापूर्वीं एवढें अवश्य विचारावें: पाकीट नेमकें कोणत्या नाक्यावर अडलें आहे?