पत्ता सांगणारा बदलतांना



आमच्या पेठेंत गरजू मुलांना शिष्यवृत्त्या देणारें एक लहान मंडळ आहे. शाळेंतून निवृत्त झाल्यावर त्याची चिटणिशी माझ्याकडे आली. मंडळाची व स्नेह्यांच्या आणखी दोन संस्थांची वेबसाइट एकाच भाड्याच्या यंत्रावर आहे. त्यांचे नेमसर्व्हर त्या कंपनीच्या हातीं न ठेवतां आपले स्वतःचे असावेत, असें आम्हीं दोन वर्षांपूर्वीं ठरविलें आणि पहिल्याच खेपेस आमची फजिती झाली. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

नेमसर्व्हर म्हणजे नांव विचारल्यास पत्ता सांगणारा. आपण वेबसाइटचें नांव लिहितों. यंत्राला मात्र आंकड्यांचा पत्ता लागतो. एके काळीं अशीं सर्व नांवें अमेरिकेंतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या एकाच यादींत असत. ती यादी आवरेना, तेव्हां १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस यांनीं आजची पद्धति मांडली. वरचा अधिकारी एवढेंच सांगतो कीं, अमक्या नांवाचा जाणता अमुक; पुढचें त्याला विचारा. २०१४ पासून देवनागरींत मिळूं लागलेल्या ‘.भारत’ नांवांनाहि हाच नियम आहे.

परंतु विचारणारा प्रत्येक वेळीं वरपर्यंत जात नाहीं. एकदां मिळालेलें उत्तर तो ठराविक सेकंद ध्यानांत ठेवतो. घोटाळ्याचें मूळ तेथेंच. आम्हीं सायंकाळीं नवे नेमसर्व्हर नोंदविले, माझ्या घरीं वेबसाइट उघडली, आणि त्याच रात्रीं जुनें खातें बंद केलें! ज्यांच्या ध्यानांत जुनाच जाणता होता, ते बंद दारावर थाप मारीत राहिले. शिवाय वेबसाइटचा पत्ता आम्हीं उतरवून घेतला, पण टपालाची नोंद विसरलों. अर्जांचा तो शेवटचा आठवडा. भोरचा एक मुलगा परत आलेलें ई-पत्र कागदावर छापून एस. टी.नें आला, तेव्हां आम्हांस कळलें. मुदत वाढविली, पण जे विचारावयास आलेच नाहींत, त्यांचें काय झालें असेल?

उरलेल्या दोन संस्थांच्या वेळीं घाई केली नाहीं. जुन्याकडील प्रत्येक नोंद वहींत उतरविली. वेबसाइटची, टपालाची, टपालाची ओळख पटविणाऱ्या मजकुराचीहि. त्या नव्यांत घातल्या आणि वर कांहींएक न कळवितां ‘डिग’ नांवाच्या साधनानें दोघांना एकेक प्रश्न विचारून उत्तरें ताडून पाहिलीं. नवे नेमसर्व्हर दोन, तेहि निरनिराळ्या जाळ्यांवर. त्यांचीं नांवें आपल्याच नांवाखालचीं असल्यास त्यांचे आंकडी पत्ते वरच्या नोंदींतहि द्यावे लागतात. नाहींतर किल्ली पेटींत राहून पेटीला कुलूप लागावें, तसें होतें. नोंदींवर डीएनएससेकचा सहीशिक्का असेल, तर वरची जुनी खूण आधीं काढून तिची मुदत सरूं द्यावी. आमच्याकडे तो नव्हता.

आपल्या नोंदींची मुदत आपण कमी करूं शकतों. ती दोन दिवस अगोदर जुन्याकडेच ८६,४०० सेकंदांवरून ३०० वर आणली. वरच्या यादीची मुदत मात्र आपल्या हातीं नसते. आमचीं नांवें ‘.कॉम’चीं, तेथें ती १,७२,८०० सेकंद, म्हणजे पुरे दोन दिवस. म्हणून बदल केल्यावरहि जुना नेमसर्व्हर आठ दिवस तसाच चालूं ठेवला. मध्यंतरीं एका संस्थेचें टपाल दुसरीकडे हलवावें लागलें, तेव्हां ती दुरुस्ती दोन्हीकडे केली. नवव्या दिवशीं जुनें खातें बंद केलें. त्या दुपारीं त्या संस्थेकडे तीन अर्ज नेहमीप्रमाणें आले.